टोमॅटोच्या शेवटच्या सहा बिया

बारा दिवस झाले तरी ट्रेमध्ये काहीच उगवलं नव्हतं.

शाल्मली खोत रोज शाळा सुटली की धावत रोपांच्या खोलीत यायची. धावत म्हणजे चंद्रावर धावतात तसं, लांब लांब ढांगा टाकत. ट्रेवर वाकायची, नाक जवळजवळ मातीला लावायची आणि पुन्हा सरळ उभी राहायची. आठ खड्ड्यांत आठ बिया पेरल्या होत्या. वर चोवीस तास दिवा होता. सकाळ-संध्याकाळ ती न चुकता पाणी घालत होती. मग चुकलं कुठे?

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ, खडकाच्या पोटात कोरलेल्या ‘शीतल’ तळावर चाळीस माणसं राहत होती. अकरा वर्षांची शाल्मली त्यांतली सर्वांत लहान. ती दीड वर्षांची असताना आईबाबांबरोबर इथे आली होती. सर्वांत मोठे होते डॉक्टर उस्मान मुजावर, वय वर्षं एकाहत्तर. ते वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि शाल्मली त्यांना आजोबा म्हणायची.

त्या बिया मुजावर आजोबांच्या होत्या. कृष्णाकाठच्या त्यांच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या लावल्या जाणाऱ्या टोमॅटोच्या. एका चपट्या काचेच्या नळीत त्यांनी वीस बिया आणल्या होत्या. पण गेल्या वर्षापासून त्यांचे हात थरथरायला लागले होते. चिमटीत बी धरली की ती उडून जायची. म्हणून त्यांनी शाल्मलीला विचारलं होतं, “माझे हात होशील का?”

ती लगेच ‘हो’ म्हणाली होती. तिने आयुष्यात कधी काही पेरलं नव्हतं, पण त्यात काय अवघड, असं तिला वाटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी तळावरच्या रोपांना बुरशी लागली आणि ती खोली बंद झाली. तेव्हापासून सगळे पाकिटातलंच खात होते. तळाच्या प्रमुख कर्णिकबाई आता त्या खोलीचं गोदाम करायला निघाल्या होत्या. आजोबांनी फारच गळ घातली तेव्हा त्या म्हणाल्या, “पृथ्वीवरून पुढचं यान सत्तर दिवसांनी येतंय. त्या दिवशी मला स्वतःच्या बळावर उभं असलेलं एक तरी रोप दाखवा. मग खोली तुमची.”

त्याच यानातून आजोबा कायमचे पृथ्वीवर परत जाणार होते.

“आजोबा, तुमच्या बिया खराब आहेत,” शाल्मली त्या बाराव्या दिवशी रागाने म्हणाली.

“असतीलही,” आजोबा म्हणाले. “पण बीला न विचारता तिला नावं कशाला ठेवायची? एक उकरून बघ.”

शाल्मलीने टूथपिकने एक बी हळूच बाहेर काढली. बोटाने दाबताच ती पचकन फुटली. आत पिवळट चिखल होता. दुसरीही तशीच. तिसरीही.

“कुजल्या!” तिचा आवाज बारीक झाला. “पण मी तर एक दिवसही पाणी चुकवलं नाही.”

“तेच तर झालं. बी म्हणजे निर्जीव खडा नाही, पोरी. तिच्या आत एक इवलंसं रोप झोपलेलं असतं. पाणी आत शिरलं की ते जागं होतं आणि जागं झालं की श्वास घेऊ लागतं. माती पाण्याने गच्च भरली तर मातीच्या कणांमधली हवा निघून जाते. मग ते श्वास कशाने घेणार?”

“म्हणजे मी त्यांना बुडवलं.”

“हो,” आजोबा म्हणाले. खोटी समजूत काढण्याची त्यांना सवय नव्हती. “आणि आणखी एक. किटली, या ट्रेचं तापमान सांग बरं.”

किटली म्हणजे तळावरचा यंत्रमानव. बुटका, गोलमटोल, पुढे चोचीसारखा हात. शाल्मलीनेच त्याला ते नाव दिलं होतं. त्याने चोच मातीत खुपसली. “सोळा अंश सेल्सियस. टोमॅटोच्या अंकुरणाला (बीतून कोंब बाहेर येण्याला) साधारण पंचवीस अंश योग्य.”

“हे तू आधी का नाही सांगितलंस?”

“मला आधी कोणी विचारलं नाही,” किटली म्हणाला.

“आणि हा दिवा?” शाल्मलीने वर बोट दाखवलं. “तो तरी बरोबर आहे ना?”

आजोबा हसले. “बी मातीखाली असते. तिथे कुठला उजेड? टोमॅटोच्या बीला उगवायला उजेड लागत नाही. ओल, ऊब आणि हवा, एवढं मिळालं की झालं. पहिल्या काही दिवसांचं जेवण तिने आपल्या पोटात बांधून आणलेलं असतं.”

आता नळीत बारा बिया उरल्या होत्या. शाल्मलीने ठरवलं, या वेळी सहाच पेरायच्या. आणि आधी ऊब शोधायची.

दोन तास ती आणि किटली तळभर फिरले. स्वयंपाकघराच्या ओट्यामागे एकोणीस अंश. कपडे वाळवायच्या कपाटात चौतीस, फारच जास्त. आईच्या प्रयोगशाळेत तर तिला दारातूनच हाकललं. शेवटी पाणी शुद्ध करणाऱ्या पंपाच्या खोलीत, पंपाच्या झाकणावर किटलीने चोच टेकवली आणि म्हणाला, “सव्वीस.” ते झाकण दिवसरात्र तेवढंच कोमट राहायचं.

या वेळी तिने कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) भिजवून मुठीत दाबून पाहिलं. आजोबांनी तशी खूण सांगितली होती. बोटांतून पाणी ठिबकलं तर जास्त. मूठ उघडल्यावर गोळा टिकला आणि बोटं फक्त दमट झाली तर बरोबर. बी नखाच्या निम्म्याइतकी खोल. वरून पातळ पारदर्शक झाकण, म्हणजे ओल आतच राहते. दिवसातून एकदा झाकण उचलून हवा द्यायची.

सहाव्या दिवशी मातीतून एक पांढुरका वाकडा दोरा वर आला. बघता बघता त्याने मान वर ओढली आणि दोन निमुळती पानं उघडली. एका पानाच्या टोकाला बीचं टरफल अजून अडकलेलं होतं, टोपीसारखं.

“ही बीजपत्रं,” आजोबा म्हणाले, “बीच्या आत आधीपासून तयार असलेली पहिली दोन पानं.” मग त्यांनी चष्मा काढून पुसला.

दुसऱ्या दिवसापासून शाल्मलीची परीक्षा होती आणि आजोबा तपासण्यांसाठी दवाखान्यात होते. ट्रे पंपाच्या झाकणावरच राहिला. ऊब आहे, ओल आहे, मग काळजी कसली? तिसऱ्या दिवशी पेपर संपवून ती तिथे गेली आणि आनंदाने ओरडलीच. सहाही बिया उगवल्या होत्या आणि रोपं तिच्या मधल्या बोटाएवढी उंच झाली होती! ट्रे हातात घेऊन ती थेट दवाखान्यात पोचली.

“आजोबा, बघा किती भराभर वाढली!”

आजोबांचा चेहरा उतरला. “अगं, पंपाच्या खोलीत दिवा होता का?”

नव्हता. तिथे कायम अंधार असायचा.

आता तिने नीट पाहिलं. देठ दोऱ्यासारखे बारीक आणि जवळजवळ पांढरे होते. पानं पिवळी. चंद्रावर प्रत्येक वस्तूचं वजन पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याइतकं, तरीही ते देठ स्वतःची पानं पेलू शकत नव्हते. दोन रोपं आधीच आडवी झाली होती.

“ही वाढ नाही, बाळ, ही धडपड आहे,” आजोबा म्हणाले. “मातीतून डोकं वर काढलं की रोपाला उजेड हवा. उजेडातच त्याचं हरितद्रव्य (पानाला हिरवा रंग देणारा, उजेडाच्या मदतीने अन्न बनवणारा पदार्थ) कामाला लागतं. उजेड दिसला नाही तर रोपाला वाटतं, आपण अजून मातीखालीच आहोत. मग ते असेल नसेल ते सगळं अन्न उंच होण्यात खर्च करतं. जाड व्हायला, पानं पसरायला काही उरतच नाही.”

“पण तुम्हीच म्हणालात की उजेड लागत नाही!”

“बीला लागत नाही, रोपाला लागतो. तो फरक मी तुला सांगायला हवा होता. माझंही चुकलं.”

चार दिवसांत सहाही रोपं गेली. शाल्मलीने त्यांना दिव्याखाली ठेवलं, टूथपिकचे आधार दिले, पण देठ बुडाशीच पिचले होते. शेवटचं रोप पडलं तेव्हा ती खोलीत एकटीच होती. तिने ट्रे कोपऱ्यात ढकलला आणि गुडघ्यांत डोकं घालून रडली. बाबा शोधत आले तेव्हा ती म्हणाली, “मी आजोबांच्या चौदा बिया मारल्या. त्यांना सांग, दुसरं कोणीतरी शोधा.”

तिचे बाबा, विश्राम खोत, तळाची हवा सांभाळायचे. ते फार बोलणारे नव्हते. शेजारी बसून ते म्हणाले, “मुजावरकाकांनी हे पाठवलंय.” त्यांनी हातातली काचेची नळी पुढे केली. आत सहा बिया होत्या. “म्हणाले, चौदा बियांनी जे शिकवलं ते तुला एकटीलाच माहीत आहे. नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.”

शाल्मलीने नाक पुसलं आणि नळी घेतली.

तिसऱ्या खेपेला तिने काहीच नशिबावर सोडलं नाही. मुठीत दाबून पाहिलेलं कोकोपीट. पंपाचं कोमट झाकण. सकाळ, दुपार, संध्याकाळ फेरी. पहिला वाकडा दोरा दिसला त्याच तासाला तिने ट्रे उचलून दिव्याखाली आणला. दिवा रोपांच्या डोक्यावर चार बोटांवर टांगला. रोपं वाढली की दिवा वर. सोळा तास उजेड, आठ तास अंधार, कारण रोपांनाही विश्रांती लागते. सहांपैकी पाच बिया उगवल्या. पानं हिरवीगार होती. काही दिवसांनी बीजपत्रांच्या वर कातरलेल्या कडांची खरी पानं फुटली. यान यायला एक महिना उरला होता.

आणि तरीही काहीतरी बिनसलं होतं.

पानं छान होती, पण देठ अजून लुसलुशीत, बारीक. ट्रे उचलला की रोपं लटपटायची. आजोबांनी भिंग लावून पाहिलं. पाणी बरोबर, उजेड बरोबर, ऊब बरोबर. “पृथ्वीवर मी हजारो रोपं वाढवली,” ते हळूच म्हणाले. “असं कधी झालं नाही. मला कळत नाही, शाल्मली.”

आजोबांना एखादी गोष्ट कळत नाही, हे तिने पहिल्यांदाच ऐकलं. घाबरायला हवं होतं. पण तिला एकदम वेगळंच वाटलं. म्हणजे याचं उत्तर कुणालाच माहीत नाही. म्हणजे ते अजून सापडायचंय.

ती दोन दिवस नुसती रोपांकडे बघत बसली. एक, दोन, तीन, चार सारखीच. पाचवं मात्र, दाराकडच्या कडेचं, थोडं बुटकं होतं. तिने बोटाने हलकेच ढकललं. ते वाकलं आणि टचकन सरळ झालं. त्याचा देठ चांगला जाड होता.

“याला काय वेगळं मिळालं?” ती पुटपुटली. तेवढ्यात किटली रोजच्यासारखा दाराजवळच्या खोबणीत चार्ज व्हायला येऊन बसला. त्याच्या पाठीतला छोटा पंखा घरघरू लागला. आणि पाचव्या रोपाची पानं थरथरली.

शाल्मली श्वास रोखून बघत राहिली. फक्त पाचव्याचीच. बाकीची चार रोपं चित्रातल्यासारखी स्तब्ध होती.

“किटली, तुझा पंखा!”

“माफ करा. आवाज होतो का?”

“नको, नको, बंद करू नकोस!” ती ओरडली आणि आजोबांना बोलवायला सुटली.

आजोबांनी सगळं ऐकलं. त्यांचे डोळे चमकले, पण ते लगेच ‘हो’ म्हणाले नाहीत. “एका रोपावरून काही ठरत नाही. ती बीच मुळात दणकट असेल. दिव्याखालची जागा चांगली असेल. खात्री कशी करशील?”

“सगळ्यांना पंखा लावून बघते.”

“आणि सगळी सुधारली तर? कशाने सुधारली, पंख्याने की नुसत्या दिवसांनी, हे कसं कळणार?”

शाल्मली विचारात पडली. मग तिच्या लक्षात आलं आणि तिला ते मुळीच आवडलं नाही. “दोघांना वारा द्यायचा. दोघांना नाही. बाकी सगळं सारखं.”

“याला तुलनागट म्हणतात (ज्यात आपण काहीच बदलत नाही, असा गट). त्याच्याशी ताडून बघितलं की कळतं, बदल कशामुळे झाला.”

“पण ज्यांना वारा नाही, ती कदाचित मरतील.”

“कदाचित. रोपं तुझ्या हातची आहेत. तू ठरव.”

ती रात्रभर ठरवत होती असं काही झालं नाही. पण जेवताना तिने तीनदा चमचा खाली ठेवला. शेवटी ती बाबांना म्हणाली, “मला एक छोटा पंखा देशील? बाबा, तुझी हवा फार शांत आहे.”

बाबांना ते जरा लागलंच. शीतल तळाची हवा छतातल्या बारीक छिद्रांतून इतकी अलगद झिरपायची की कागदाचा कपटाही हलायचा नाही. त्यासाठी त्यांनी सहा वर्षं खपून काम केलं होतं आणि ते गेल्या वर्षीच पुरं झालं होतं. “लोक तर म्हणतात, इतकी छान हवा कुठेच नाही.”

“माणसांसाठी छान आहे. पण बाबा, आपण रोज पट्टे बांधून तासभर का धावतो?”

“इथे वजन कमी भरतं. हाडांवर भार पडला नाही तर ती ठिसूळ होतात.”

“मग रोपांना कोण व्यायाम देतं?”

बाबा उठले आणि जुन्या संगणकातला तळहाताएवढा पंखा काढून घेऊन आले.

दहा दिवस दोन रोपं झुळकेत डुलत होती, दोन पुठ्ठ्याच्या आडोशाला स्वस्थ उभी होती; पाचवं आपल्या जागीच, दाराकडे राहिलं. पाणी मोजून सारखं. दिवा सारखा. शाल्मली रोज उंची लिहायची आणि बाबांच्या मापकाने देठाची जाडी मोजायची. वाऱ्यातली रोपं उंचीत मागे पडली, पण त्यांचे देठ सुईएवढे बारीक होते ते काडीपेटीतल्या काडीएवढे जाड झाले. आडोशाची रोपं उंच गेली. नवव्या दिवशी त्यांतलं एक कमरेतून वाकलं ते उठलंच नाही. शाल्मलीने वहीत तेही लिहिलं. लिहिताना अक्षर थोडं वाकडं आलं.

आडोशाचं उरलेलं रोप तिने दहाव्या दिवशी, मापं लिहून झाल्यावर, काडीचा आधार देऊन वाऱ्यात आणलं.

आजोबांनी वही दोनदा वाचली. “मला आठवायला हवं होतं,” ते म्हणाले. “रोपाला स्पर्श कळतो, शाल्मली. वाऱ्याने देठ वाकला की त्याच्या पेशींना (सजीवांचं शरीर ज्या सूक्ष्म घरांचं बनलेलं असतं, त्या घरांना) ताण जाणवतो. मग आत निरोप फिरतो, उंच जाणं आवरा, आधी भक्कम व्हा. पुस्तकात हे मी कधीतरी वाचलं होतं. पण पृथ्वीवर दार उघडलं की वारा असतोच. जे फुकट मिळतं, ते मोजायचं राहून जातं.”

“मग हे तुम्हाला मी शिकवलं?”

“तूच,” आजोबा म्हणाले, आणि थरथरता हात त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला.

यान आलं त्या दिवशी कर्णिकबाई हातात गोदामाचा नकाशा घेऊनच खोलीत शिरल्या. समोर चार रोपं होती. तीन बिनआधाराची, ताठ. एक काडीला टेकून, पण हिरवंगार. कर्णिकबाईंनी एका रोपावर जोरात फुंकर मारली. ते मागे झुकलं आणि परत उभं राहिलं. त्यांनी पुन्हा फुंकर मारली. मग पानाला लागलेलं बोट सहज नाकाशी नेलं आणि थांबल्या. टोमॅटोच्या पानाचा तो उग्र, हिरवा वास तळावर दोन वर्षांत कुणी घेतला नव्हता.

“हा नकाशा,” त्या नकाशाची गुंडाळी करत म्हणाल्या, “दुसऱ्या खोलीला बसतो का ते बघते.”

आजोबा गेले. शाल्मलीने रोपं मोठ्या कुंड्यांत लावली, देठ बराचसा मातीत गाडून, कारण टोमॅटोच्या गाडलेल्या देठालाही मुळं फुटतात. बाबांनी त्या खोलीपुरती हवेची रचना बदलली. आता तिथे झुळूक यायची, कधी इकडून, कधी तिकडून, मध्येच थांबून. जेवणाच्या सुट्टीत लोक उगाचच तिथे येऊन उभे राहू लागले.

अडीच महिन्यांनी पहिला टोमॅटो पिकला. त्याचे एकोणचाळीस पातळ काप झाले, माणशी एक. गरातल्या बिया शाल्मलीने धुऊन कागदावर वाळत घातल्या. एकशे बारा निघाल्या. तिने पडद्यावर आजोबांना बोलावलं. चंद्रावरून शब्द पोचायला सव्वा सेकंद आणि उत्तर यायला तेवढाच वेळ. आजोबा कृष्णाकाठी घराच्या ओसरीवर बसले होते. बिया पाहून ते हसले.

“आता चंद्रावरच्या नव्या तळांवर पाठवायच्या,” ती म्हणाली. “किटली सोबत सूचना लिहून देणार आहे. मी त्याला सांगितलंय, कोणी विचारलं नाही तरी सगळं लिही.” मग तिने विचारलं, “आजोबा, तिकडे आत्ता वारा आहे?”

सव्वा सेकंद. पुन्हा सव्वा सेकंद.

आजोबा उठले, फोन हातात घेऊन अंगणात गेले आणि तो त्यांनी उंच धरला. पडद्यावर फक्त हलणारं आभाळ दिसत होतं. आणि आवाज येत होता. आधी लांबून, मग जवळून. लिंबाच्या पानांतून, पलीकडच्या उसाच्या फडातून, सळसळत, वाढत, ओसरत.

खोलीत आलेली माणसं पडद्याजवळ सरकली. आई दारात उभी राहिली. शाल्मलीने आवाज पूर्ण वाढवला आणि डोळे मिटून ऐकत राहिली.